सराव पार्ल्यात आणा : पश्चिम भारताच्या प्रादेशिक ग्रँड मास्टरांना अनावृत पत्र

प्रति,
राइट वर्शिपफुल प्रादेशिक ग्रँड मास्टर,
पश्चिम भारत प्रादेशिक ग्रँड लॉज,
फ्रीमेसन्स हॉल, डी. सुखडवाला मार्ग, फोर्ट, मुंबई.



आपल्याकडे एक मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे, ती आधीच सांगतो. लॉजच्या विधींच्या सरावाचा प्रादेशिक मेळावा वर्षातून एकदा विलेपार्ल्यात घ्यावा. त्याला जोडून पश्चिम उपनगरांत राहणाऱ्या बंधूंसाठी दर पंधरवड्याला सरावाचा वर्ग सुरू करावा. त्या वर्गात विधीचं पुस्तक मिटलेलं असावं. आणि मेळाव्याची शेवटची बैठक पार्ल्यातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी उघडी ठेवावी.

हे आपल्याला कार्यालयाच्या पत्त्यावर बंद पाकिटातूनही कळवता आलं असतं. तसं केलं नाही, कारण ज्या वस्तीत आपण यावं असं मी म्हणतो, त्या वस्तीलाही आपण कोण आणि कशासाठी येणार हे कळायला हवं. आपल्याविषयी गावोगाव कुजबुज चालते ती आपण बोलत नाही म्हणून. उत्तर हिंदुस्थानात तर लॉजच्या इमारतींना लोक ‘जादूघर’च म्हणत आले. जे गुप्त ठेवण्याची आपण शपथ घेतलेली आहे, ते फार थोडं आहे : एकमेकांना ओळखण्याच्या खुणा आणि शब्द. बाकी सगळं दीडदोनशे वर्षं छापील पुस्तकांत आहे. या पत्रात मी त्याच मर्यादेत बोलणार आहे.

मेसन नसलेल्या वाचकासाठी दोन शब्द. युरोपातल्या पाथरवट कारागिरांची अवजारं, त्यांच्या श्रेणी आणि त्यांची बोलण्याची रीत घेऊन ही बंधुसंस्था उभी राहिली. लंडनमधल्या चार लॉजेसनी, म्हणजे स्थानिक शाखांनी, २४ जून १७१७ रोजी एकत्र येऊन पहिलं ग्रँड लॉज स्थापन केलं, असं परंपरा सांगते. ती सभा एका मद्यालयात भरली होती. सभासदाने परमेश्वराचं अस्तित्व मानलं पाहिजे, ही अट आहे; तो त्याला कोणत्या नावाने हाक मारतो हा प्रश्न आपण विचारत नाही. लॉजमध्ये राजकारण आणि धर्म यांवर वाद घालायला बंदी आहे. पायऱ्या तीन : एन्टर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट, मास्टर मेसन. प्रत्येक पायरीवर उमेदवाराच्या हाती गवंड्याची अवजारं देऊन त्यांचा जगण्यातला अर्थ सांगितला जातो. चोवीस इंची पट्टी दिवसाचे चोवीस तास प्रार्थना, काम, विसावा आणि गरजवंताची मदत यांत वाटायला शिकवते. गुण्या वागणं काटकोनात ठेवायला सांगतो, पाणसळ सगळ्यांना एका पातळीवर आणते, ओळंबा ताठ उभं राहायला शिकवतो. हे सगळं पाठ म्हणायचं असतं. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहून, कागदाशिवाय.

त्यासाठीच सराव लागतो.

सरावाची संध्याकाळ कशी असते, ते आपण माझ्याहून अधिक जाणता. तरीही इथे मांडतो, कारण माझ्या मते आपल्या संस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे आणि तिलाच आपण सर्वांत कमी मान देतो. खुर्च्या लॉजसारख्या मांडतात : पूर्वेला वर्शिपफुल मास्टर, पश्चिमेला सीनियर वॉर्डन, दक्षिणेला ज्युनियर वॉर्डन. हातात दंड घेतलेले दोन डिकन, दाराशी इनर गार्ड, दाराबाहेर टायलर. मास्टरच्या खुर्चीत मात्र खरा मास्टर नसतो. ज्याला अजून तीन-चार वर्षांनी तिथे बसायचं आहे असा एखादा तरुण असतो. ज्याने ती खुर्ची पूर्वीच भूषवली आहे असा ज्येष्ठ बंधू त्या दिवशी उमेदवार होऊन, पहिल्या दिवशी आला होता तसा, हाताला धरून फिरवला जातो. शेजारी सराव घेणारा प्रिसेप्टर बसलेला असतो. शब्द चुकला की तो फक्त बरोबर शब्द उच्चारतो. चुकलेला तो उचलतो आणि पुढे जातो. का चुकला, किती वेळा चुकला, यावर कुणी काही बोलत नाही.

सुरुवातीची प्रश्नोत्तरं सगळ्यांना येतात. कस लागतो तो उपदेशाचा लांब ‘चार्ज’ म्हणताना. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतलं एकेक वाक्य पाच-सहा ओळींचं असतं; त्यातलं उपवाक्य हरवलं की पुढचा दुवा सापडत नाही. पायांनाही शिस्त असते. चौकोनी फरशीभोवती कुठल्या कोपऱ्यावर वळायचं, उमेदवाराला कुठे थांबवायचं, दंड कोणत्या हातात घ्यायचा. जीभ आणि पाय एका वेळी चालायला लागेपर्यंत महिने जातात. ते महिने ज्यांनी दिले, त्यांच्या तोंडून झालेला विधी आणि पुस्तकातून वाचलेला विधी यांत किती अंतर असतं, ते उमेदवाराच्या चेहऱ्यावरून कळतं.

या पद्धतीला इतिहास आहे, आणि तो सरावाचाच इतिहास आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात दोन ग्रँड लॉजेस एकमेकांशी स्पर्धा करत होती. २७ डिसेंबर १८१३ रोजी ती एक झाली. दोघांचे विधी वेगळे होते. तेव्हा ‘लॉज ऑफ रिकन्सिलिएशन’ नावाचं एक खास लॉज नेमलं गेलं. त्याने समान विधी बसवले, लॉजांच्या प्रतिनिधींसमोर ते पुन्हा पुन्हा करून दाखवले, आणि १८१६ मध्ये त्यांना मान्यता मिळाली. लिहून घ्यायला मुभा नव्हती. प्रतिनिधींनी पाहायचं, ऐकायचं, मनात साठवायचं आणि आपापल्या गावी जाऊन शिकवायचं. अनेक लॉजांचे बंधू एका जागी जमून विधी घोटतात, त्या प्रत्येक मेळाव्याचं मूळ मला इथे दिसतं. पुढे २ ऑक्टोबर १८२३ रोजी लंडनमध्ये ‘इम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट’ सुरू झालं. ते आजही फक्त सरावासाठीच भरतं. तिथे एखादा संपूर्ण विधी एकाही दुरुस्तीशिवाय करून दाखवणाऱ्याला चांदीची काडेपेटी देतात. ही प्रथा १८९७ पासून आहे. मोठाल्या पदकांची आणि पदव्यांची हौस असलेल्या संस्थेत अचूक पाठासाठी खिशात मावेल एवढी लहान वस्तू दिली जाते आणि बंधू तिच्यासाठी वर्षानुवर्षं मेहनत करतात, याचं मला फार मोल वाटतं.

पाठांतराचं महत्त्व महाराष्ट्रातल्या वाचकाला पटवून द्यावं लागणार नाही. वेदपाठाच्या परंपरेने तर चूक शिरूच नये अशी रचना केली. घनपाठात शब्द सरळ येत नाहीत. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा अशी त्यांची वीण असते. एक शब्द गळला की वीण उसवते आणि म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. पारशी धर्मगुरूंच्या मुलांना यस्नाचे ७२ अध्याय मुखोद्गत करावे लागतात. त्या शिक्षणासाठी स्थापन झालेली एम. एफ. कामा अथोर्नान इन्स्टिट्यूट पार्ल्याच्या शेजारी अंधेरीतच उभी राहिली. आपल्या विधींना घनपाठाचं संरक्षण नाही. तिथे चूक पकडायला फक्त शेजारच्या बंधूचा कान असतो. म्हणून एकट्याने घरी घोकून आपला विधी टिकत नाही. तो चारचौघांत म्हणावा लागतो आणि चारचौघांकडून दुरुस्त करून घ्यावा लागतो.

सरावाचं खरं काम मात्र अचूकतेच्याही पुढचं आहे. पहिल्या पायरीच्या विधीत नव्या बंधूला लॉजच्या ईशान्य कोपऱ्यात उभं करतात. इमारतीचा पहिला दगड तिथे ठेवतात, म्हणून. गरजूंसाठी काही द्या, असं त्याला सांगितलं जातं. आत येण्यापूर्वी त्याच्याजवळचे पैसे आणि धातूच्या वस्तू काढून घेतलेल्या असतात, त्यामुळे त्याच्याकडे द्यायला काहीच नसतं. पुढे कधी कुणी रिकाम्या हाताने तुझ्यासमोर आला तर हा क्षण आठव, असं त्याला सांगतात. हे सगळं जगभरच्या पुस्तकांत छापलेलं आहे. यात गुपित काहीच नाही. पण हे वाक्य म्हणणारा मान खाली घालून फोनच्या पडद्यावरून वाचत असेल, तर त्या माणसाला ते लागत नाही. त्याला वाटतं, ही एक औपचारिकता आहे आणि सगळ्यांना घरी जायची घाई आहे. आज अनेक ठिकाणी एप्रनच्या आडून पुस्तक उघडतं, पानं चाळली जातात. मी त्यासाठी कुणालाही दोष देत नाही. नोकरी, प्रवास, घर यांतून सरावाला वेळ उरत नाही, आणि सराव भरतो तो बहुतेक वेळा इन्स्टॉलेशनच्या, म्हणजे नव्या मास्टरच्या पदग्रहणाच्या, आधी चार-सहा दिवस, तेही ज्यांना भूमिका आहेत त्यांच्यापुरता. नाटकाची तालीम प्रयोगासाठी असते, प्रयोग झाला की ती संपते. आपला सराव तसा नाही. आपल्या विधीला प्रेक्षक नसतात. जे म्हणायचं ते आतून आपलं होण्यासाठी म्हणायचं, आणि त्याला शेवटचा प्रयोग नसतो.

आणखी एक कारण आहे, ते आपल्या मुंबईच्या इतिहासात आहे. या शहरात मेसनरी इंग्रजांबरोबर आली आणि बराच काळ तिचं दार एतद्देशीयांना बंद होतं. तसं पाहिलं तर अर्काटच्या नवाबाचा मुलगा उमदत-उल-उमरा १७७० च्या दशकातच मेसन झाला होता. पण तो राजपुत्र होता. माणेकजी कर्सेटजी यांना मुंबईत प्रवेश मिळाला नाही. स्त्रीशिक्षणासाठी पुढे अलेक्झांड्रा शाळा काढणारे हेच ते गृहस्थ. त्यांनी शेवटी पॅरिसच्या लॉजमध्ये दीक्षा घेतली. समतेची पाणसळ हाती घेणाऱ्या संस्थेला हे शोभणारं नव्हतं, हे ओळखणारा एक माणूस इथे होता : स्कॉटिश मेसनरीचे पश्चिम भारतातले प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स. त्यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये मुंबईत भारतीयांसाठी ‘लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ सुरू झालं. त्या लॉजातून पारशी, मुसलमान, इंग्रज एका फरशीवर आले. खरशेटजी रुस्तमजी कामा यांच्यासारखा अवेस्ताचा पंडित तिथे घडला. पुढे फिरोजशहा मेहताही आले. १८७० च्या दशकात मुंबईत ‘लॉज इस्लाम’ आणि ‘लॉज आर्यन’ निघाली, त्यांतही कामांचा पुढाकार होता. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थाला प्रवेशासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. तो मिळाला १८७२ मध्ये. एका तपानंतर, १८८४ मध्ये, त्याच शहरात नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण मेसन झाला. जग त्याला पुढे स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागलं.

हा इतिहास मी अभिमानासाठी सांगत नाही. दार उघडायला भांडावं लागलं, हे लक्षात राहावं म्हणून सांगतो. आणि दार उघडल्यावर समता प्रत्यक्षात कुठे आली? मेजवानीच्या टेबलावर ती सहज आली नाही. तिथे प्रत्येकाचं सोवळं आणि पथ्यं वेगळी होती. ती आली विधीच्या शिस्तीत. एका न्यायाधीशाला एका कारकुनाने शब्द पुरवायचा आणि न्यायाधीशाने तो मुकाट्याने घ्यायचा, हे सरावात घडू शकतं. आजही घडतं. मी ज्या सरावांना बसलो आहे तिथे डॉक्टर, किराणा मालाचे व्यापारी, निवृत्त अधिकारी आणि नुकतीच नोकरी लागलेली मुलं असतात. खुर्चीचा मान शब्द पाठ असण्यावर ठरतो. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी नवी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं, रामपूरचे नवाब रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर झाले, आणि आपल्या वेदीवर गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथसाहिब आणि अवेस्ता शेजारी शेजारी उघडले गेले. ते ग्रंथ उघडणारे हात रोज एकमेकांना भेटत राहिले तरच त्या पाच ग्रंथांच्या शेजाराला अर्थ आहे. वर्षातून काही वेळा सूट-टाय घालून भेटल्याने ती ओळख होत नाही. सरावात होते.

आता पार्ल्याचं. फोर्टमधला आपला हॉल देखणा आहे, आणि इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश आणि भारतीय अशा चारही घटनांची, म्हणजे त्या-त्या ग्रँड लॉजच्या नियमांखालची, लॉजेस एका छपराखाली आणणाऱ्या त्या वास्तूविषयी माझ्या मनात आदर आहे. विधिवत सभा तिथेच व्हाव्यात. पण मुंबईची वस्ती कधीच उत्तरेकडे सरकली. पार्ल्याहून चर्चगेट सुमारे २० किलोमीटर. स्लो लोकलने पाऊण तास आणि पुढे चालणं. बोरिवलीहून तर त्याहूनही जास्त वेळ. सभेसाठी एवढा प्रवास करायला सगळे तयार असतात. सरावासाठी कामाच्या दिवशी रात्री पुन्हा तोच प्रवास करा म्हटलं की तरुण बंधू गळतात. ज्याच्या घरी लहान मूल आहे, ज्याची आई आजारी आहे, जो शिफ्टमध्ये काम करतो, तो येऊ शकत नाही. मग तो पुस्तकातून वाचतो. आपण त्याला सरावाची जागा दिली नाही आणि पाठांतराची अपेक्षा मात्र ठेवली, हे न्यायाचं नाही. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, सांताक्रूझ या सगळ्यांना पार्ले मध्यावर पडतं.

आणि पार्ल्याला या गोष्टीची समज आहे. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ लोकवर्गणीच्या आणि लोकश्रमाच्या बळावर इथे उभे राहिले. शंभर वर्षांनंतरही संघाच्या टिळक मंदिरात व्याख्यानं, वाचनालय, संगीत, व्यायाम हे सगळं स्वयंसेवी वृत्तीने चालतं. दीनानाथ नाट्यगृहामुळे तालमी हा इथल्या जगण्याचा भाग आहे. पाठांतर स्पर्धांना मुलांची रांग लागते आणि परीक्षक शुद्ध उच्चारासाठी कान देऊन बसतात. चांगलं म्हणता येणं ही इथे प्रतिष्ठेची गोष्ट आहे. आपल्याला शेजार हवा तर असा हवा.

काही आक्षेप येतील हे मला ठाऊक आहे. पहिला जागेचा : विधीचा सराव भाड्याच्या सभागृहात करणं संस्थेच्या प्रतिष्ठेला शोभेल का? आपलं पहिलं ग्रँड लॉज मद्यालयाच्या खोलीत स्थापन झालं. आरंभी कित्येक पिढ्या लॉजेस खानावळींच्या माडीवर भरत, आणि फरशीचं चित्र काम संपल्यावर गुंडाळून ठेवत. पावित्र्य त्या खोलीत जे म्हटलं जातं त्यात असतं. दाराबाहेर टायलर बसला की आतली बैठक सुरक्षित असते, मग ती फोर्टमध्ये असो वा हनुमान रोडवर.

दुसरा नियमाचा. सरावाच्या लॉजला एखाद्या रीतसर लॉजचं छत्र लागतं, हा इंग्लिश घटनेतला जुना संकेत शहाणपणाचा आहे. तोच इथे पाळावा. उपनगरांत राहणारे सभासद जास्त आहेत अशा एखाद्या लॉजने या वर्गाची जबाबदारी घ्यावी आणि आपण तिला मान्यता द्यावी. निरनिराळ्या परंपरांच्या विधींत फरक आहेत. स्कॉटलंडमध्ये तर प्रत्येक लॉज आपापली पद्धत जपतं. म्हणून मेळाव्यात सर्वांना एकाच साच्यात बसवू नये. प्रत्येकाने आपल्या पद्धतीत अचूक असावं, दुसऱ्याची पद्धत आदराने ऐकावी, आणि कुणाचं खरं हा वाद काढू नये.

तिसरा मुद्दा भाषेचा, आणि तो मी स्वतःहून काढतो. इथले कित्येक बंधू मराठी शाळांत शिकले. जुन्या इंग्रजीतला चार्ज ते मेहनतीने पाठ करतात. पण अर्थ न कळता पाठ केलेलं लवकर विसरतं आणि म्हणताना कोरडं होतं. विधीचा मूळ पाठ बदलावा, असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक सरावाच्या शेवटी अर्धा तास त्या दिवशीच्या उताऱ्यावर मराठीत बोलायला द्यावा. हे वाक्य काय सांगतं, आपल्या कामात आणि घरात ते कसं पाळायचं, यावर चर्चा व्हावी. गुण्या आणि ओळंबा पार्ल्यात रोज चालणाऱ्या बांधकामांवर दिसतात. त्यांचा अर्थ सांगायला आपल्याकडे शब्द कमी नाहीत. माझा अनुभव असा की अर्थ एकदा आपल्या भाषेत बसला की मूळ वाक्य आपोआप जिभेवर येतं आणि त्याला आवाजाचा चढउतार सापडतो.

चौथा, शेजाऱ्यांसाठी ठेवायच्या बैठकीचा. तिथे विधी दाखवायचा नाही. तिथे आपला इतिहास सांगायचा, अवजारांचा अर्थ सांगायचा, आपण कुणाला मदत करतो ते हिशेबासकट सांगायचं, आणि प्रश्न घ्यायचे. पार्ल्याच्या सभागृहात पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येईल : बायकांना प्रवेश का नाही? त्याचं उत्तर टाळू नये. आपली घटना फक्त पुरुषांना प्रवेश देते हे सरळ सांगावं. अ‍ॅनी बेझंट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात स्त्री-पुरुषांची संयुक्त मेसनरी आणली आणि ती वेगळ्या घटनेखाली चालते, हेही सांगावं. ज्या घरांतून आपण संध्याकाळी बाहेर पडतो त्या घरांतल्या स्त्रियांनी समोर बसून विचारावं आणि आपण उत्तर द्यावं, एवढा मोकळेपणा आपल्याला परवडला पाहिजे. दुसरा प्रश्न येईल गुप्ततेचा, तिसरा येईल ओळखीपाळखीतून एकमेकांना लाभ करून देण्याचा. लॉजचा सभासद होऊन धंद्यात फायदा मागणं आपल्या नियमांत बसत नाही, हे सर्वांसमोर म्हणण्याची संधी आपण का सोडावी? जे उघड्यावर म्हणतो ते पाळण्याचं बंधनही वाढतं.

मागण्या पुन्हा एकत्र मांडतो, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

एक : पश्चिम उपनगरांसाठी विलेपार्ल्यात पंधरवड्याचा सरावाचा वर्ग, एखाद्या लॉजच्या छत्राखाली, वर्षभर चालणारा. इन्स्टॉलेशनपुरता नाही.

दोन : वर्गात आणि मेळाव्यात पुस्तक फक्त प्रिसेप्टरच्या हाती. बाकीच्यांनी पाठ म्हणायचं, चुकलं तर दुरुस्त करून घ्यायचं.

तीन : आळीपाळीने सर्वांना सगळ्या खुर्च्या. ज्येष्ठांनी वर्षातून एकदा तरी उमेदवार व्हावं.

चार : प्रत्येक सरावाच्या शेवटी अर्धा तास अर्थचर्चा, मराठीत, ज्यांना हिंदी किंवा गुजराती सोयीची त्यांच्यासाठी त्या भाषांत.

पाच : एक संपूर्ण विधी दुरुस्तीशिवाय करणाऱ्याला प्रादेशिक ग्रँड लॉजची छोटीशी खूण. तिची किंमत जितकी कमी तितकी चांगली.

सहा : २४ नोव्हेंबर हा आपण विश्वबंधुत्वाचा दिवस म्हणून पाळतो. त्याच्या आसपासच्या रविवारी प्रादेशिक सराव मेळावा पार्ल्यात घ्यावा आणि त्याची शेवटची बैठक सर्वांसाठी खुली ठेवावी.

यासाठी पैसा फारसा लागणार नाही. सभागृहाचं भाडं आम्ही उपनगरांतले बंधू वर्गणीने उभं करू. पार्ल्याला वर्गणीची सवय जुनी आहे. लागणार आहे ती आपली परवानगी, आणि पहिल्या वर्गाला आपली हजेरी. आपण यावं, आणि शक्य असेल तर उमेदवाराच्या जागी उभं राहावं. एखाद्या पंचविशीतल्या बंधूने आपला हात धरून आपल्याला फरशीभोवती फिरवावं आणि ईशान्य कोपऱ्यातला चार्ज आपल्या डोळ्यांत पाहून म्हणावा. तो दोनदा अडखळेल, त्याला शब्द पुरवावा लागेल. तरीही त्या एका संध्याकाळने उपनगरांतल्या प्रत्येक बंधूला कळेल की सराव हे पदाची वाट पाहणाऱ्यांचं काम नसून आपल्या सर्वांचं आहे.

इन्स्टॉलेशनचे समारंभ थाटाचे होतात, त्यांची छायाचित्रं निघतात. पण समारंभ संपल्यावर माणूस चांगला झाला की नाही, हे त्याने काय पाठ केलं आणि त्यातलं किती त्याच्यात उतरलं यावर ठरतं. सहापैकी पहिल्या मागणीला आपण यंदाच होकार द्यावा. बाकीच्या पाच आम्ही काम करून दाखवून मिळवू.

आपला बंधू,
विलेपार्ल्याचा एक मास्टर मेसन